देवघरातलं टपाल

दादा, जायचंच होतं तर एक आठवडा थांबायला तुझं काय जात होतं? सोमवारी हॅम्बर्गच्या साहेबाचं पत्र यायचं होतं. मी तुला तसं स्वतः कळवलं होतं. तू रविवारी सकाळी अंघोळीचं पाणी काढायला विहिरीवर गेलास, कठड्याला टेकून बसलास आणि उठलाच नाहीस. घाई हा तुझा स्वभाव नव्हता. पान वाढल्यावर तीन हाका माराव्या लागायच्या तुला.

बाराव्याला आलेला जो तो मला सांगत होता, तुझा भाऊ म्हणजे देवमाणूस. मी मान हलवत होते. पण मी तुझी सख्खी बहीण, आणि दोन वर्षं तुझ्याशी भांडत असलेली. देवमाणूस म्हणून मला हात जोडून मोकळं होता येत नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय. माझी बाजू सगळी मांडून झाली होती. तुझी तू मांडलीच नव्हतीस, आणि तीच माझी मोठी तक्रार आहे.

तू जहाजावरचा रेडिओवाला. उपग्रह आले, जहाजांना तुम्हा लोकांची गरज उरली नाही, आणि तू पन्नाशीच्या आत तोंडवलीला घरी येऊन बसलास. बसलास म्हणजे काय, गावातल्या प्रत्येक नौकेचा वायरलेस उघडून बघितलास. मी तेव्हा वेंगुर्ल्यात माझा कारखाना उभा करत होते. आधी दहा वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये काजू फोडले होते, बोटं काळी करून घेतली होती. मग स्वतःची शेड, मग भट्टी, मग बावीस बायका. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतलेली नाही, आणि त्याची मला लाज नाही.

धंद्याला ई-मेल हवा झाला तेव्हा सावंतवाडीचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, ताई, पाच मिनिटांत काढून देतो, फुकट. फुकट म्हटल्यावर माझं काम संपलं होतं. पण तू मध्ये पडलास.

"तुझी पत्रां दुसऱ्याच्या घरात रवतली," तू म्हणालास.

"रवांदेत. माका ती फक्त वाचूची आसत."

"आणि तेणा उद्या दार लावल्यान तर?"

"तो कित्याक लावीत? तो तर फुकट देता."

"ताच म्हणतंय मी. फुकट कित्याक देता?"

ह्या प्रश्नावर मी चिडले. जगात कुणीतरी चुकून फुकट देत असेल तर आपण पटकन घ्यावं आणि निघावं, कारण विचारत बसू नये, असं माझं मत होतं. अजूनही आहे. हा वाद तू जिंकलास असं समजू नकोस.

तू गोव्याच्या कुठल्याशा हॉटेलने भंगारात काढलेला एक काळा डबा घेऊन आलास. पंचांगाच्या चार प्रती एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढा. त्याला पंखा नाही, पडदा नाही, कळफलक नाही, फक्त एक हिरवा दिवा. मी विचारलं, हा कॉम्प्युटर आहे तर मग बाकीचा कुठे आहे? तू म्हणालास, हाच सगळा. तुझी, माझी आणि गावातल्या ज्याला हवी त्याची पत्रं ह्यातून जातील नि ह्यात येतील. विजेला किती खातो? तर देवघरातल्या झिरोच्या बल्बाएवढी. ही गोष्ट तू वाडीत कुणाकडे सोयरिकीला आलेल्या माणसांनासुद्धा घरी बोलावून सांगायचास. पोहे खाता खाता ते बिचारे मान डोलवायचे.

दिवसातले आठ तास वीज नसायची, तेव्हा डब्याला रिक्षाची बॅटरी जोडलीस. आणि ठेवलास कुठे, तर देवघरात, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर. कारण तू सांगितलंस ते खरंही होतं. समुद्रावरून येणारं खारं वारं घरातलं लोखंड खातं, आणि अख्ख्या घरात देवघरालाच तेवढी खिडकी नाही. वहिनी मात्र दोन दिवस तुझ्याशी बोलली नव्हती.

"देवाच्या पायाकडे वायरी कित्याक?" तिने विचारलं.

"देवाक तरी दुसरा काय येता? निरोपच येतत मा?" तू म्हणालास. तेव्हापासून ती दिवा लावताना डब्यालाही एक फूल ठेवायची. तू ते रोज उचलायचास, कारण फुलाचं पाणी आत जाईल. ती रोज ठेवायची.

दादा, तुझ्या त्या डब्याने मला किती छळलं त्याची यादी मी करणार नव्हते. पण थोडी करते. पहिल्या सहा महिन्यांत माझी निम्मी पत्रं लोकांच्या कचऱ्याच्या टोपलीत गेली. मुंबईचा व्यापारी म्हणाला, बाई, तुमचा दर आलाच नाही, मी दुसरीकडून माल घेतला. तू मला शांतपणे समजावलंस की घरगुती फोनच्या तारेवरून आलेल्या पत्रांवर मोठ्या कंपन्या विश्वास ठेवत नाहीत. आपल्या नंबराच्या आसपासच्या कुणीतरी कधीतरी फालतू जाहिराती पाठवल्या असतील, त्यामुळे सगळी आळीच बदनाम झाली आहे. मी म्हटलं, मग आळी सोड. तू सोडली नाहीस. कुठल्या कुठल्या परदेशी लोकांना अर्ज लिहीत बसलास, की आम्ही सरळ माणसं आहोत, काजू विकतो, आमचं नाव तुमच्या काळ्या यादीतून काढा. आठ महिन्यांनी त्यांनी काढलं. त्या दिवशी तू मला जेवायला बोलावलंस आणि सुरमई केलीस. मी येऊन जेवले, आणि जेवताना म्हटलं, फुकटवाल्याचं नाव काळ्या यादीत नव्हतंच.

पण एक सांगते. कारखान्यात तीन दिवस माझ्या शेजारी बसून तू मला पत्र लिहायला शिकवलंस. मी सातवी शिकलेली. माझं इंग्रजी दर ठरवण्यापुरतं. तू म्हणालास, "रागात लिव, पण धाडू नको. आधी चाय पी. मगे परत वाच. मगे धाड." मी चहा प्यायचे, पण पत्र आधीच गेलेलं असायचं. आणि माझी सगळी पत्रं तुझ्या डब्यात पडलेली असताना त्यातलं एकही तू उघडून वाचलं नाहीस, हे मी शपथेवर सांगेन. वाचलं असतंस तर मला बरंच ऐकून घ्यावं लागलं असतं.

आता ते हॅम्बर्गचं. तिथला साहेब लहानसा दुकानदार, पण सेंद्रिय काजूबाबत चोखंदळ. वर्षाची सगळी ऑर्डर तो एकदाच, एका पत्राने देतो. ती आली की पावसाळ्यातही माझ्या बावीस बायकांना काम असतं. नाही आली तर निम्म्या जणींना घरी बसवावं लागतं. २००८ च्या दिवाळीत, भाऊबीज करून मी वेंगुर्ल्याला परतले आणि तू वहिनीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गोव्याला गेलास. तुम्ही सहा दिवस तिकडे होता. त्या सहा दिवसांत साहेबाचं पत्र आलं, त्याला दार बंद दिसलं आणि ते परत गेलं. त्याने कारखान्यात फोन केला, तर तिथे दिवाळीची सुट्टी. त्याने समजूत करून घेतली की मी धंदा बंद केला, आणि माल दुसरीकडून घेतला. त्या वर्षी मी अकरा बायकांना घरी बसवलं. त्यांच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

मी तुला फोनवर काय काय बोलले ते दोन्ही वाड्यांनी ऐकलं असेल. तू मला नियम सांगितलास, की पत्र दार बंद बघून लगेच परत जात नाही, थोड्या थोड्या वेळाने येऊन पुन्हा दार वाजवतं, पाच दिवस वाट बघतं आणि मगच परत जातं. सहा दिवस डबा बंद राहिला, म्हणून गेलं. मी विचारलं, बंद का राहिला?

"चूक माझी," तू म्हणालास.

दादा, तू जन्मात कधी कुठली चूक कबूल केली नव्हतीस. शेजारच्या वाडीतल्या रेडिओला उलटी तार लावून धूर काढलास तेव्हाही म्हणाला होतास, रेडिओच तसा होता. मला तिथेच संशय यायला हवा होता. बाजारात समोरचा माणूस पहिल्या वाक्याला दर उतरवतो तेव्हा मी माल उलटून बघते. तुझ्या बाबतीत नाही बघितला. रागात मला ते फार सोयीचं वाटलं.

मग दोन वर्षं आपण बोललो नाही. म्हणजे तोंडाने. पत्र लिहायला माझ्याकडे तुझाच डबा होता, कारण माझ्या काजूच्या डब्यांवर तोच पत्ता छापलेला होता आणि लेबलं मी एकदम जास्त छापून घेतली होती, दर चांगला मिळाला म्हणून. तेव्हा मी तुला शिव्याही तुझ्याच डब्यातून घालायचे. तू त्या इमानाने स्वतःपर्यंत पोचवायचास आणि जहाजावरच्या सवयीने एका शब्दात उत्तर पाठवायचास: पोचलं. 'तुझ्या डब्याला समुद्रात बुडव' ह्यालाही पोचलं. 'वहिनीचा डोळा कसा आहे' ह्यालाही पोचलं. मग मला वहिनीला वेगळा फोन करावा लागायचा.

ह्या वर्षी मी साहेबाला परत वळवायचं ठरवलं. त्याला एकच शंका होती, तुमचं पत्रव्यवहाराचं काही ठिकाणावर नसतं. तेव्हा मी एक गोष्ट लिहिली. ती तुला कधी कळली नसेल, कारण तू वाचत नव्हतास. मी लिहिलं, त्या वेळच्या चुकीला जो माणूस जबाबदार होता, त्याला मी कामावरून काढून टाकलं आहे. हे पत्र तुझ्याच देवघरातून गेलं. साहेबाने फोनवर सांगितलं, सोमवारी कळवतो.

रविवारी सकाळी मी तुला लिहिलं, 'उद्या साहेबाचं पत्र येणार. डबा बंद पडला तर याद राख.' त्यावर तुझं 'पोचलं' आलं नाही. अर्ध्या तासाने वहिनीचा फोन आला.

मी पोचले तोवर शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे देवघराचं बटण बंद करून दार लोटून घेतलं होतं. सुतक लागलं की घरातलं कुणी देवाला शिवत नाही. डबा आतच राहिला. बॅटरीवर एक दिवस चालला असेल, म्हणजे सोमवारी बंद. मी तुझ्या पायाशी बसून रडत होते आणि मनात सोमवारपासून पाच दिवस मोजत होते. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. दोन्ही खरं होतं.

आत जायचं कुणी? शेजारी त्या डब्याला हात लावायला धजत नव्हते, आणि वहिनीला दहा दिवस. मी आपा काकांना विचारलं. आपल्या घराण्यात आता तेच वडीलधारे.

"धा दिवस," काका म्हणाले.

"धा घरच्यांका. माझा लगीन होऊन तीस वर्सां झाली. माका दीडच दिवस."

"सख्ख्या भावाचा सुतक दीड दिवस? लाज वाटता काय गो?"

"मगे तुमी सांगा."

"पाच तरी धर."

पाच धरले असते तर सगळंच संपलं होतं. मी म्हटलं, काका, भटजींना विचारूया. भटजींनी तीन सांगितले. मी लगेच हो म्हटलं. वहिनी कोपऱ्यातून बघत होती. नंतर मला म्हणाली, "तेका हसाक इला असता. बहिणीन माझ्या सुतकाचो पण भाव केल्यान म्हणालो असतो."

बुधवारी सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं आणि देवघराचं दार ढकललं. बटण दाबलं, तर वीज गेलेली. बॅटरी पार मेलेली. तेव्हा खाली पांडूकडे गेले, ज्याची नौका तू दर पावसाळ्याआधी तपासायचास.

"पांडू, नौकेची बॅटरी होई. घेशीत किती?"

"काय नको, ताई. न्हेवा."

"काय नको म्हणजे? जुनी आसा?"

"नवी आसा."

"मगे चार्ज नसतली."

"भरलेली आसा. ताई, दादान माझ्या वायरलेसाचे कधी काय घेतल्यान नाय."

"ता तेचा. माझा सांग."

बॅटरी खांद्यावर घेऊन पांडू चालायलाच लागला. मी त्याच्या मागून वाळूतून भांडत आले. माझ्या आयुष्यात मी हरलेला तो एकच सौदा. तुझ्या नावावर माल मिळतो आणि किंमत सांगायला माणूस तयार होत नाही, हे काय प्रकरण आहे, ते मला अजून समजलेलं नाही.

पांडूने तारा जोडल्या आणि दारापाशीच उभ्या उभ्या देवाला हात जोडून गेला. मी डब्यापुढे ओणवी झाले. वहिनी उंबऱ्याबाहेर उभी. सुतकामुळे तिला आत येता येत नव्हतं. मी फोनची तार चाचपली आणि म्हटलं, "ही तरी जाग्यार आसा. त्या टायमाक दादान काय केल्यान कोण जाणा."

"तेणा काय करूक नाय," वहिनी म्हणाली. "तार तू काढललंस."

"मी?"

"भाऊबीजेक. गडगडाक लागला, तू ओवाळूचा ताट माझ्या हातात दिलंस आणि सगळ्या तारी काढीत सुटलंस. टीव्हीची, फ्रीजाची, ही. दुसऱ्या दिवशी जाताना सगळ्यो लावलंस. ही ऱ्हवली. आमी पण बघूक नाय, तसेच गोव्याक गेलो."

वीज कडाडली की तारा काढायच्या, हे आपण सगळेच करतो. आईने लावलेली सवय. मला त्यातलं काही आठवेना, आणि तिने सांगितल्याबरोबर सगळं आठवलं. ओवाळणीच्या तबकातली सुपारी घरंगळली होती तीसुद्धा.

"मगे माका सांगूक काय झाला तेका?" मी ओरडले. सुतकाच्या घरात ओरडले.

"तू बोलाक दिलंस? अर्धो तास तूच बोलत होतंस. फोन ठेवन माका म्हणालो, तिका सांगलंय तर ती सोताकच खाईत रवतली. त्या अकरा बायलांच्या नावान रडत बसतली. माझ्यार रागावली तर निदान जेवतली तरी."

दादा, मी जेवत होते. दोन वर्षं व्यवस्थित जेवत होते. तुझ्यावर रागवायला ताकद लागायची.

हिरवा दिवा लागला. मी कारखान्यात शुभांगीला फोन केला. आमचं ऑफिस तीच सांभाळते. ती म्हणाली, "बाई, कायच येवक नाय." दहा मिनिटांनी परत तेच. चार वाजता तिचा फोन आला, की साहेबाचं पत्र आलं. सोमवारपासून दार वाजवत उभं होतं. तिने वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, त्या माणसाला काढलंत हे बरं केलंत. तो पुन्हा कामावर येणार नाही, एवढं लेखी कळवा, म्हणजे ऑर्डर पाठवतो.

इतका सोपा सौदा मला जन्मात मिळाला नव्हता. 'तो पुन्हा येणार नाही.' एक ओळ, आणि तीही खोटी नाही. बावीस बायकांचा पावसाळा त्या एका ओळीवर होता. वहिनीने विचारलं, साहेब काय म्हणतो? देवघरात बसूनच शुभांगीला म्हटलं, "लिही. तो माणूस माझा भाऊ होता. मी त्याला कधीही काढलं नव्हतं, तसं खोटं लिहिलं होतं. तो रविवारी वारला. त्या वेळची चूक त्याची नव्हती. तार मी काढली होती."

"बाई," शुभांगी म्हणाली, "नुसता 'येवचो नाय' इतक्याच लिवया?"

"नको."

"ऑर्डर गेली तर? माका पण घराक बसूचा लागात."

"म्हणानच तुका सांगतंय लिवक. तुका ठावक होवंदे, कित्याक गेली ती." मग तिने एकेक वाक्य पुन्हा विचारून घेतलं आणि लिहिलं. मी तिला म्हटलं, थांब, धाडू नको. वहिनीने केलेला कोरा चहा मी उंबऱ्यावर बसून प्याले, सगळा. मग शुभांगीकडून पत्र पुन्हा वाचून घेतलं. एक शब्द बदलावासा वाटला नाही. म्हटलं, धाड.

गुरुवार गेला. शुक्रवारी तिन्हीसांजेला उत्तर आलं. पहिल्या ओळीत साहेबाने तुझ्याबद्दल दुःख कळवलं होतं. दुसऱ्या ओळीत ऑर्डर होती, पूर्ण. तिसऱ्या ओळीत त्याने दर थोडा उतरवून मागितला होता. मला बरं वाटलं, माणूस दया दाखवत नव्हता. आणि शेवटी विचारलं होतं, आता तुमचं टपाल कोण सांभाळतं?

मी लिहून पाठवलं: त्याची बहीण. दर मात्र उतरवला नाही.